पॅराग्वेच्या सैन्यातील रशियन निर्वासित अधिकारी

१९१७ च्या क्रांतीनंतर झालेल्या यादवी युद्धात श्वेत सैन्याचा पराभव झाला व त्यातील हजारो अधिकाऱ्यांस देशत्याग करावा लागला. युद्धकलेखेरीज दुसरी विद्या अवगत नसलेल्या या निर्वासितांपैकी काहींनी दक्षिण अमेरिकेतील पॅराग्वे हा देश आपला मानला. त्यांच्या सेवेस केवळ भाडोत्री शिपाईगिरी म्हणणे युक्त ठरणार नाही. कारण त्यांनी दत्तक देशास तलवारीपेक्षा ज्ञान अधिक दिले.

इव्हान बेल्याएव यांचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. १८७५ साली सेंट पीटर्सबर्ग येथे जन्मलेले हे तोफखान्याचे सेनानी १९२४ साली असुन्सिओन येथे आले व लष्करी विद्यालयात तटबंदीशास्त्र शिकवू लागले. त्यानंतर शासनाने त्यांस चाको प्रदेशाच्या पाहणीवर पाठविले. पॅराग्वे व बोलिव्हिया हे दोन्ही देश या काटेरी, रुक्ष प्रदेशावर हक्क सांगत होते. अशा भूमीत पाणवठा ज्याच्या हाती, त्याच्या हाती युद्धाची किल्ली. १९३१ साली चामाकोको वाटाड्यांच्या साहाय्याने बेल्याएव पितियान्तुता सरोवरापर्यंत पोहोचले. जून १९३२ मध्ये याच सरोवराकाठचे ठाणे बोलिव्हियाने घेतले आणि युद्धाची ठिणगी पडली.

१९३५ पर्यंत चाललेल्या या युद्धात सुमारे ८० रशियन अधिकारी पॅराग्वेच्या बाजूने होते. डिसेंबर १९३२ पासून वर्षभर बोलिव्हियाचे नेतृत्व हान्स कुंट या जर्मन सेनानीकडे होते. पहिल्या महायुद्धात तो रशियनांविरुद्ध लढला होता. सप्टेंबर १९३२ मध्ये बोकेरोनच्या लढाईत कॅप्टन सेरेब्रियाकोव्ह धारातीर्थी पडले. तथापि विजयाचे श्रेय मुख्यतः सेनापती एस्तिगारिबिया व गुआरानीभाषी सैनिक यांचे आहे, हे विसरता कामा नये.

या सेवेस दुसरीही बाजू आहे. पाणवठे व पायवाटा यांचे ज्ञान मुळात तेथील आदिवासींचे होते; ते नकाशांवर उतरताच त्याच वाटांनी सैन्ये आदिवासींच्या भूमीत शिरली. युद्धानंतर बेल्याएव यांनी आपले उर्वरित आयुष्य आदिवासींच्या भाषांचा अभ्यास व त्यांच्या हक्कांचे रक्षण यांस वाहिले. १९५७ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा माका जमातीने त्यांस आपल्या भूमीत चिरविश्रांती दिली. पॅराग्वेच्या सैन्याने या निर्वासितास हुद्दा दिला. परंतु त्यास आप्त मानले ते माकांनी.