पाळीची वही

वसतिगृहात राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्या कन्नड मैत्रिणीने मला विचारले, "निन्न ऊरु यावुदु?" मी म्हटले, मुरगाव. यंदा चतुर्थीची रजा मागताना मी अर्जात लिहिले, "गावी जायचे आहे, धारगळ, तालुका पेडणे." अर्ज तिनेच वाचला आणि मला खोटारडी ठरवले. घर मुरगावला, गाव पेडण्याला आणि आजोळ डिचोलीला हे तिला समजावून सांगता सांगता मेसमधला भात निवून गेला. इतर वाचकांनाही हा घोळ वाटत असेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुरगाव तालुक्यात वास्को शहर, बंदर आणि दाबोळीचा विमानतळ येतो. याच तालुक्यातल्या कुठ्ठाळीला पूर्वी मंगेशाचे देऊळ होते आणि केळशीला शांतादुर्गेचे. पोर्तुगीज अमलात देवळे मोडली जाऊ लागली तेव्हा १५६० च्या दशकात भक्तांनी हे देव नदीपलीकडे फोंड्याच्या बाजूला नेले. आजची मंगेशी आणि कवळे ती हीच. पेडणे, डिचोली, सत्तरी हे मुलूख मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांकडे होते. ते पोर्तुगीजांच्या हाती गेले तोवर धर्मबंदीचा जोर ओसरला होता, म्हणून तिकडचे देव आणि रीतिरिवाज जागच्या जागी राहिले. पहिल्या भागाला जुन्या काबिजादी म्हणतात, दुसऱ्याला नव्या काबिजादी. पुढे १८८० च्या दशकात मुरगावला बंदर आणि रेल्वे झाली. हीच रेल्वे कॅसलरॉकमार्गे आपल्या लोंढ्याला येऊन मिळते. बंदर, रेल्वे, गोदामे, दुकाने यांत नोकऱ्या निघाल्या आणि नव्या काबिजादींतली अनेक माणसे मुरगावात आली. त्यांनी खोल्या घेतल्या, मुलांना शाळेत घातले. देव मात्र गावच्या घरीच ठेवला. माझे आजोबाही असेच १९६४ साली बंदरावर कारकून म्हणून आले.

त्यामुळे चवथ आली की आमच्या इमारतीतली निम्मी दारे बंद होतात. प्रत्येक जण आपापल्या गावच्या गणपतीला जातो. वर्षातून एवढे एकच जाणे कोणी चुकवत नाही. निदान आजवर चुकवत नसत.

यंदा निघताना बाबांनी माझ्या हातात आजोबांची वही ठेवली. "तू कॉमर्सची ना? आता तूच लिही."

लाल कापडी पाठीची ती लांब वही १९६८ पासूनची आहे. धारगळच्या घराचा गणपती एक, चुली चार. पणजोबांना चार मुलगे होते. ते वेगळे झाले तेव्हा जमीन वाटली, भांडी वाटली. गणपती वाटता येत नाही, म्हणून पाळी लावली. दर वर्षी एका चुलीने मूर्ती, माटोळी, नैवेद्य आणि भजनी मंडळींचा चहा-फराळ असा सगळा भार उचलायचा आणि बाकी तिघांनी हजर राहायचे. चार वर्षांनी पाळी पुन्हा आपल्याकडे येते. गोव्यात असंख्य घरांत हीच व्यवस्था आहे. कुठे दोन चुली असतात, कुठे दहा.

आजोबांची लिहिण्याची रीत मोठी मजेशीर. रकमेपुढे ते प्रवासाचाही शेरा मारीत. वास्कोहून धारगळ साठेक किलोमीटर असेल. वाटेत जुवारी, मांडवी आणि कोलवाळची शापोरा अशा तीन नद्या लागतात. पहिल्या पानांवर कुठ्ठाळी-आगशी फेरी आणि पणजी-बेती फेरी अशा दोन फेऱ्यांच्या नोंदी आहेत. पहाटे निघालेला माणूस दिवस कलताना पोहोचे. १९७० साली मांडवीवर पूल झाला आणि बेतीची फेरी वहीतून गेली. १९८३ साली जुवारीवर पूल झाला आणि कुठ्ठाळीचीही गेली. मग १९८६ च्या पानावर अचानक, "पुन्हा बेतीची फेरी. रांगेत तीन तास. गणपतीची मखर भिजली." ५ जुलै १९८६ रोजी मांडवीचा पूल कोसळला होता. नवा पूल १९९२ साली झाला, तोवर दर चवथीला ती फेरी वहीत आहे. आता मांडवीवर अटल सेतू आहे आणि जुवारीवरचा नवा पूल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. आम्ही यंदा म्हापशाच्या बाजारात माटोळीसाठी थांबूनही जेवणाआधी पोहोचलो.

माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली लाकडी चौकट. तिला नारळाची पेंड, सुपारीचे शिपटे, केळ्यांचा घड, तोरिंगे, निरफणस, आंबाडे, चिबूड आणि डोंगरातली कांगल्या, कवंडळे, घागऱ्या अशी रानफळे बांधतात. पावसाळ्यात भोवतालच्या रानाने आणि कुळागराने जे दिले ते सगळे देवासमोर मांडायचे. बेळगावकडे आरास असते ती विजेची. आमच्याकडे ती अशी ओली आणि वासाची असते. संध्याकाळी घुमट, शामेळ आणि कांसाळ्यांवर आरत्या सुरू झाल्या की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. घुमटाच्या तोंडाला पूर्वी घोरपडीचे कातडे लावीत. आता कायद्याने बंदी असल्यामुळे बकऱ्याचे लावतात. जुने वाजवणारे त्यावरून अजून कुरकुरतात.

पण मला लिहायचे आहे ते वहीबद्दल. गेल्या वर्षी, म्हणजे २०२४ साली, पाळी मुंबईच्या काकांची होती. ते माझ्या बाबांचे चुलतभाऊ. त्यांना यायला जमले नाही. त्यांनी सगळी रक्कम मोबाइलवरून पाठवली आणि सोबत निरोप की पुढल्या वर्षी एक योजना सुचवतो. ती यंदा कागदावर आली. चारही चुलींनी दर वर्षी सारखी वर्गणी काढावी. स्वयंपाकाला आणि साफसफाईला माणसे लावावीत. पाच दिवसांचा गणपती दीड दिवसाचा करावा. ज्याला जमेल त्याने यावे.

खरे सांगते, मला ती योजना पटली होती. पाळीत एका चुलीवर एका वर्षी सगळा बोजा पडतो, वर्गणीत तो सारखा वाटला जातो. मी तक्ता काढला, रकाने पाडले, बाबांना दाखवला. बाबा म्हणाले, "तक्ता छान आहे. रात्री सगळ्यांसमोर वाच." काका स्वतः आले नव्हते. त्यांचा मुलगा आला होता.

दुपारी तक्त्यात भरण्यासाठी कामांची यादी करायला मी काकीकडे बसले. ही आमची थोरली काकी. काका वारल्यापासून त्या मोठ्या घरात ती एकटीच राहते. मी विचारत गेले, ती कांदा चिरत सांगत गेली. नागपंचमीच्या सुमारास गणपतीचा पाट चिताऱ्याकडे पोचवायचा. कौले परतून घ्यायची. मधल्या खोलीतली वाळवी बघायची. केवणीच्या साली काढून भिजत घालायच्या, कारण माटोळी सुतळीने बांधायची नसते. हळदीची पाने राखून ठेवायची, नाहीतर पातोळ्या कशात वाफवणार? भजनी मंडळाला वेळ विचारून ठेवायचा. माझ्या वहीचे पान भरले.

"हे सगळं पाळीवाला करतो ना?" मी विचारले.

"पाळीवाला तिसऱ्या दिवशी येता गो बाये," ती म्हणाली. म्हणजे तृतीयेला, आदल्या दिवशी.

मग मी आजोबांची सारी वही चाळली. पंचावन्नाहून अधिक वर्षांच्या नोंदींत काकीचे नाव कुठेच नाही. तिच्या चुलीची पाळी आहे, पण ती काकांच्या नावावर, आणि ते गेल्यानंतरही त्यांच्याच नावावर. २०२० चे पान बाबांच्या हातचे आहे. "कोविड. कोणी गेले नाही." त्या वर्षी जूनमध्ये वास्कोतला मांगोर हिल भाग बंदिस्त केला होता आणि मुरगावच्या माणसाला गावात कोणी उंबऱ्यावर घेत नव्हते. पाळी मुंबईच्याच काकांची होती. गणपती मात्र बसला होता. काकीने एकटीने मूर्ती आणली, दीड दिवस पूजा करून घेतली आणि शेजाऱ्यांच्या मुलाला घेऊन विसर्जन केले. खर्च तिने कोणाला सांगितला नाही आणि कोणी विचारलाही नाही.

इथे गोव्याच्या कायद्याबद्दल थोडे लिहायला हवे, कारण तो बेळगावहून निराळा आहे. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालू आहे. वारशाचा भाग आता २०१२ च्या गोव्याच्या उत्तराधिकार कायद्यात आला आहे. लग्नाआधी निराळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात आणि निम्मी बायकोची असते. मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा. आईबापांनी मृत्युपत्र केले तरी निम्म्याहून अधिक मालमत्ता ती वारसांना डावलून देता येत नाही. त्यामुळे जुन्या घराला मालक पुष्कळ असतात. आपल्याकडे जसा जमिनीचा उतारा तसा गोव्यात 'एक-चौदा'चा उतारा असतो. आमच्या घराच्या उताऱ्यावर नावांची ही रांग लागली आहे. त्यात काकीचेही नाव आहे. म्हणजे सरकारी कागदाने तिला मालकीण म्हणून केव्हाच लिहून घेतले. घरच्या वहीने तेवढे लिहिले नाही.

घराचा विषय निघतो त्यालाही कारण आहे. पेडण्यातच मोपाला जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. धारगळ हमरस्त्यावरच आहे, तेव्हा जागा विचारणारे दलाल दारात येतात. काकी त्यांना चहा देते आणि "मुरगावच्यांना विचारा" म्हणून पाठवते. ज्या घरी वर्षातून दीड दिवस पाहुण्यासारखे यायचे, ते घर किती वर्षे राखले जाईल हा प्रश्न रात्री भावाने, म्हणजे मुंबईच्या काकांच्या मुलाने, उघडच काढला. मला वाटले होते तो योजनेची बाजू घेईल. तो म्हणाला, "बाबांनी पैसे पाठवले ते पूर्ण होते. पण पाळी झाली की नाही, ते मला माहीत नाही." यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग बाबांनी मला तक्ता वाचायला सांगितला. मी वाचला, पण खाली काकीने सांगितलेल्या कामांचे पानही वाचले आणि यांतल्या कुठल्या कामाला माणूस 'लावता' येईल ते विचारले. कौले, साफसफाई आणि स्वयंपाक यांना माणसे मिळतील असे ठरले. बाकीच्यांपुढे रकाना कोराच राहिला. निर्णय दिवाळीवर गेला. काका तेव्हा येणार आहेत.

परत येताना मी रेल्वेने आले नाही. आई आणि मी पिळगावला मामाकडे गेलो, कारण डिचोलीहून साखळी आणि चोर्ला घाट केला की बेळगाव. पिळगावच्या बाजूला सारमानसच्या धक्क्यावरून लोहखनिज बार्जेसमध्ये भरून मांडवीतून मुरगाव बंदरात जात असे. पावसाळ्यात आग्वादचे नदीमुख खवळते, तेव्हा बार्जेस कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरत. आईच्या गावची माती आजोबांच्या बंदरात येऊन पडे असे आम्ही लहानपणी थट्टेने म्हणायचो. मामाचा एक ट्रक होता. २०१२ साली खाणी बंद झाल्या, मध्ये सुरू झाल्या आणि २०१८ च्या मार्चमध्ये न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. ट्रक दारात उभा राहिला, हप्ते चालू राहिले. २०२४ साली डिचोलीचा खाणपट्टा पुन्हा सुरू झाला, पण तोवर मामाने ट्रक विकला होता.

मी मामाला आमचा तक्ता दाखवला. त्याने चष्मा लावून तो नीट पाहिला.

"दर वर्षी सारखी वर्गणी?" तो म्हणाला. "२०१८ ला आमची पाळी होती. माझ्याकडे काय होतं? धाकट्याने आपली पुढली पाळी अलीकडे घेतली, मी त्याची पुढे ढकलून घेतली. चार वर्षांची मुदत असते पाळीत. वर्गणी असती तर मी त्या वर्षी तोंड लपवून बसलो असतो."

व्याज नाही, कागद नाही आणि मुदत चार वर्षांची. अशा पतपुरवठ्याचा उल्लेख माझ्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. तक्ता काढताना तो मलाही सुचला नव्हता.

यंदाचे पान मी धारगळहून निघण्याआधीच लिहिले होते. पाळी बाबांची. त्याखाली कामे आणि करणाऱ्यांची नावे लिहिली. पहिल्या आठ ओळींपुढे काकीचे नाव आले. लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवले. नाव ऐकून ती हसली, "माझं कशाला गो, पुढल्या वर्षी पाळी माझीच आहे," आणि एक चूक काढली. केवणीचे दोर मी 'म्हापसा बाजार' या खर्चात धरले होते. ते तिने स्वतः डोंगरातून आणले होते.

मी ती ओळ खोडून पुन्हा लिहिली.