परड्यातल्या ऑफिसलाही परवाना लागतो

पुण्या-बेंगळुरातील कंपनीचे काम घरूनच करणारी मुले आता बेळगावातही पुष्कळ आहेत. घरात गडबड असते, म्हणून परड्यात एखादी खोली काढायचे ठरते. गवंडी म्हणतो, ''पत्र्याचं शेड ते, त्याला कसला परवाना?'' इथेच फसगत होते.

कर्नाटक महापालिका कायदा 1976 मध्ये 'इमारत' या शब्दाची व्याख्या चांगलीच ऐसपैस आहे. आऊटहाऊस, शेड, झोपडीसुद्धा तिच्यात येते. बांधकाम विटांचे, लाकडाचे, मातीचे की धातूचे, याने फरक पडत नाही. तेव्हा तयार पोर्टाकॅबिन क्रेनने आणून ठेवली, म्हणून सुटलो असे समजू नका. नकाशासह अर्ज आधी, काम नंतर. खेड्यात हीच विचारणा ग्रामपंचायतीत करायची. गोव्यातही पंचायत राज कायदा 1994 नुसार पंचायतीचा परवाना लागतो.

खरे भांडण होते ते सेटबॅकवरून. मंजूर नकाशात घराच्या मागे-बाजूला मोकळी दाखवलेली जागा आपण रिकामी समजतो. ती रिकामी नसते, मोकळी ठेवायची असते. किती फूट, हे प्लॉट आणि इमारतीच्या उंचीवर ठरते, त्यामुळे शेजाऱ्याने केले म्हणून आपल्याला चालेल असे नाही. जुना नकाशा कपाटातून काढा, अभियंत्याकडून मोजून घ्या. आणि पत्र्याचे पाणी शेजारच्या हद्दीत पडणार नाही तेही बघा. निम्म्या तक्रारी तिथूनच सुरू होत असाव्यात.

एकट्याने लॅपटॉप घेऊन बसणे वेगळे, चार माणसे ठेवून धंदा करणे वेगळे. मेरठला घरासाठीच्या प्लॉटवर दुकाने बांधली होती. ती पाडण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 2024 रोजी कायम केला. इतकी वर्षे कुणी अडवले नाही, पैसा ओतला आहे, हे मुद्दे टिकले नाहीत. ऑफिसात गिऱ्हाईक येणार असेल तर हेस्कॉमकडे वीजदराचीही चौकशी करा.

विनापरवाना काम झालेच, तर कलम 321 खाली आधी तात्पुरता आदेश आणि कारणे दाखवा नोटीस येते. उत्तर देण्याची संधी तेवढीच. नोटीस कन्नडमध्ये असते, आणि वाचता येत नाही म्हणून ती टीव्हीवर पडून राहते. तसे करू नका. त्याच दिवशी कुणाकडून तरी वाचून घ्या, पोच तारखेसह ठेवा, उत्तर लेखी द्या.