फोडणीतला अर्क आणि कॅप्सूलमधला

“डॉक्टर, हळदीच्या कॅप्सूल रोज घेतल्या तर चालतील ना?” हा प्रश्न अलीकडे माझ्या दवाखान्यात वरचेवर येतो. मधुमेहाच्या गोळ्यांत काटकसर करणारेही हा महाग डबा आणतात, याची मला काळजी वाटते.

शरीरात ऑक्सिजन वापरला जाताना ‘फ्री रॅडिकल्स’ नावाचे अस्थिर कण तयार होतात व पेशींना इजा करतात. त्यांना निष्प्रभ करणारी द्रव्ये म्हणजे अँटिऑक्सिडंट. भाज्या-फळांत ती भरपूर असतात. पण वनस्पतीच्या पेशींतून ती बाहेर काढावी लागतात.

त्यातील काही पाण्यात विरघळतात. चहातील द्रव्ये गरम पाण्यात उतरतात. पालेभाजीतील क जीवनसत्त्वही पाण्यात उतरते. म्हणून भाजी चिरून मग धुतली किंवा उकळून पाणी फेकले, की त्यातले बरेचसे मोरीत जाते. याउलट गाजरातील कॅरोटीन, टोमॅटोतील लायकोपीन आणि हळदीतील करक्युमिन यांना तेल लागते. तेलावर शिजवलेल्या टोमॅटोतील लायकोपीन कच्च्यापेक्षा अधिक अंगी लागते. आपली फोडणी ही अर्क काढण्याचीच रीत आहे!

कारखान्यात तेलाऐवजी अल्कोहोलसारखे द्रावक वापरून नंतर ते उडवून लावतात. उरतो तो दाट अर्क. एक ग्रॅम हळदीत करक्युमिन साधारण २० ते ५० मिलिग्रॅम असते. एका कॅप्सूलमध्ये ते ५०० मिलिग्रॅमपर्यंत असू शकते. शोषण वाढावे म्हणून मिऱ्यातील पायपरीनही घालतात. अशा कॅप्सूल घेतल्यावर काही जणांच्या यकृताला सूज आल्याच्या नोंदी इटली व अमेरिकेत झाल्या आहेत.

जास्त घेतले म्हणजे जास्त फायदा, असे नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजार पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिलेल्यांत फुप्फुसाचा कर्करोग, ते न दिलेल्यांपेक्षा १८ टक्के अधिक आढळला. गाजर खाल्ल्याने असे होत नाही.

तेव्हा वाचकहो, एवढे करा. भाजी आधी धुवा, मग चिरा. उकळलेले पाणी आमटीत घाला. हळद फोडणीत घाला, आवळा कच्चा खा. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर असा अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. कॅप्सूल घेत असताना लघवी गडद पिवळी झाली, भूक मेली किंवा डोळे पिवळे दिसले, तर ती लगेच बंद करा आणि डबा घेऊनच दवाखाना गाठा.