काटा जागेवर, पण शिल्लक किती?

उतारावर अवजड क्रेनचे इंजिन अचानक बंद पडले तर तिला थांबवायचे कशाने? ज्या क्रेनचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालतात, तिथे दाब देणारा पंप इंजिनावरच फिरतो. इंजिन थांबले की पंपही थांबतो. त्यानंतरचे मोजके ब्रेक लागतात ते अडीनडीसाठी साठवून ठेवलेल्या तेलावर. हा साठा सांभाळणारे जाड पोलादी भांडे म्हणजे अॅक्युम्युलेटर.

क्रेनशी त्याचे नाते जुने आहे. इंग्लंडमधल्या ग्रिम्सबी बंदरात क्रेन आणि गोदीचे दरवाजे पाण्याच्या दाबावर चालवण्यासाठी १८५२ साली सुमारे ९४ मीटर उंचीचा मनोरा उभा राहिला. याच सुमारास विल्यम आर्मस्ट्राँग यांनी मनोऱ्याला पर्याय शोधला: उभ्या सिलिंडरात पाणी भरायचे आणि त्यावर प्रचंड वजन ठेवायचे. आज वजनाचे काम नायट्रोजन वायू करतो. भांड्यात रबरी पिशवी असते. पिशवीत नायट्रोजन, बाहेर तेल. पंप तेल आत रेटतो, पिशवी आक्रसते. ब्रेक दाबला की ती फुगते आणि तेल पुढे ढकलते.

गोम आहे ती इथेच. समजा, पिशवीत १ लिटर नायट्रोजन ५० बार दाबाने भरला आणि पंपाने तेलाचा दाब १५० बारवर नेला. बॉइलच्या नियमाप्रमाणे वायू एक तृतीयांश लिटरवर येतो. दाब १०० बारपर्यंत उतरेतो ब्रेकला सुमारे १६७ मिलिलिटर तेल मिळते. आता गळतीमुळे मूळ दाब २५ बारवर आला असे धरा. पंप चालू असताना गेजचा काटा तेव्हाही १५० बारच दाखवेल, पण हाती येणारे तेल ८३ मिलिलिटर, म्हणजे निम्मेच! काटा दाब सांगतो, शिल्लक सांगत नाही.

म्हणून शिल्लक वेगळी तपासावी लागते. क्रेन सपाट जागी, चाकांखाली ठोकळे, इंजिन बंद, चावी चालू. मग पेडल पूर्ण दाबायचे, सोडायचे आणि धोक्याचा बझर वाजेपर्यंत मोजत राहायचे. किती वेळा दाबता यायला हवे, हे त्या क्रेनच्या पुस्तिकेत पाहायचे. बझरनंतरही पेडल दाबत राहिले की काटा पायरीपायरीने उतरतो आणि एका आकड्यावरून एकदम शून्यावर कोसळतो. तो आकडा म्हणजे पिशवीतल्या नायट्रोजनचा मूळ दाब, निदान त्याचा अंदाज.

नेमके मोजमाप तेलाचा दाब पूर्ण उतरवल्यावर, वायूच्या बाजूला गेज लावूनच होते. तेव्हा तापमानही पाहावे लागते: १० अंशाला ५० बार असलेला दाब ४० अंशाला सुमारे ५५ होतो. भरायचा तो कोरडा नायट्रोजनच, तोही रेग्युलेटर लावून आणि सावकाश. ऑक्सिजन कधीच नाही, साधी हवाही नाही. दाबाखालच्या तेलाशी ऑक्सिजनची गाठ पडली तर स्फोट होऊ शकतो.

नायट्रोजन रबरातून कणाकणाने झिरपतो, त्यामुळे रोज क्रेन चालवणाऱ्यालाही फरक जाणवत नाही. तो दिसतो नोंदवहीत. मागच्या वेळी बझर आठव्या दाबाला वाजला होता आणि आज पाचव्यालाच वाजला, तर क्रेन तिथेच उभी ठेवावी. ते तीन ब्रेक उतारावर उसने मिळत नाहीत.