ध्वनिमुद्रिकेची दुसरी बाजू

आरंभीच एक कबुली देऊन टाकतो. गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात, विविध गुणदर्शनाच्या रात्री, मागच्या रांगांतून ‘डफ आण, डफ!’ असा जो ओरडा झाला, त्यातला पहिला आवाज माझा होता. ज्याच्यासाठी तो होता तो आमच्या कलापथकाचा शाहीर. तीन वर्षे आम्ही त्याच्यामागे झील धरून उभे राहिलो. दुष्काळावरची, हुंड्यावरची, फीवाढीवरची त्याची गाणी आम्ही एस.टी. स्टँडवर आणि आठवड्याच्या बाजारात गायलो. आणि त्या रात्री हा गडी डफ-तुणतुणे घरी ठेवून कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि गिटार अशा सरंजामानिशी रंगमंचावर आला! गाणे त्याचे स्वतःचेच होते, नवे होते. पण ते कोणी ऐकले? आम्ही त्याची यथेच्छ हुर्यो उडवली. तो शेवटपर्यंत गायला, आणि त्यानंतर पुष्कळ दिवस आमच्याशी बोलला नाही.

दोन दिवसांनी इंग्रजी विभागातल्या आमच्या सरांनी मला घरी बोलावले. आता खरडपट्टी निघणार, या तयारीने मी गेलो. सरांनी चहा दिला आणि काही न बोलता एका मैफलीचे ध्वनिमुद्रण लावले. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत श्रोत्यांतला कोणीतरी खच्चून एकच शब्द ओरडतो : ‘जुडास!’ तीस चांदीच्या नाण्यांसाठी येशू ख्रिस्ताला शत्रूच्या हवाली करणारा शिष्य तो जुडास. आपल्याकडे एखाद्याला सूर्याजी पिसाळ म्हणावे, तशातला हा प्रकार. स्थळ इंग्लंडातील मँचेस्टरचे फ्री ट्रेड हॉल, तारीख १७ मे १९६६, आणि ज्याला ही शिवी हासडली तो गायक बॉब डिलन. पुढे २०१६ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळालेला तोच हा डिलन. अभ्यासक्रमाबाहेरचे वाचन मी सहसा करीत नाही. परंतु त्या एका शब्दामुळे पुढचे तीन-चार महिने मी हाती लागेल ते वाचीत आणि ऐकत सुटलो. त्यातून जे समजले ते येथे मांडतो.

डिलनचा जन्म १९४१ चा, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातला. हिबिंग नावाच्या लोखंडाच्या खाणींच्या गावात तो वाढला. १९६१ च्या जानेवारीत तो न्यूयॉर्कला आला तेव्हा तिथे लोकगीतांचे मोठे पुनरुज्जीवन चालू होते. एक साधी लाकडी गिटार, गळ्यात अडकवलेला माऊथ ऑर्गन आणि काहीसा घोगरा आवाज एवढ्या भांडवलावर तो दोन वर्षांत त्या वर्तुळाचा लाडका झाला. युद्ध, वर्णद्वेष, गरिबांवरचा अन्याय यांवरची त्याची गाणी तरुणांच्या तोंडी झाली. २८ ऑगस्ट १९६३ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांचे प्रसिद्ध भाषण ज्या वॉशिंग्टनच्या मोर्चात झाले, त्याच मोर्चात डिलनही गायला होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या मंडळींना लोकगीत ही केवळ आवडीनिवडीची बाब नव्हती. पीट सीगर हे त्यांचे ज्येष्ठ गायक. १९५५ साली अमेरिकन संसदेच्या चौकशी समितीपुढे आपली राजकीय मते सांगायला त्यांनी नकार दिला, त्यापायी १९६१ साली त्यांना शिक्षा झाली (ती पुढच्याच वर्षी रद्द झाली), आणि टेलिव्हिजनचे दरवाजे त्यांना कैक वर्षे बंद राहिले. अशा माणसांच्या दृष्टीने लाकडी गिटार ही वापरणाऱ्याच्या नीतिमत्तेची खूण होती. विजेवर चालणारी गिटार म्हणजे बाजार, पोरकट प्रेमगीते आणि कंपन्यांचा पैसा. साधे वाद्य म्हणजे लोक, आणि लोक म्हणजे सत्य, असे ते समीकरण. आमच्या कलापथकात डफाचे जे स्थान होते तेच हे, हे माझ्या लक्षात आले तेव्हा मी थोडा चपापलो.

कुरबुरीला सुरुवात विजेच्या आधीच झाली होती. १९६४ साली आलेल्या ध्वनिमुद्रिकेत डिलनने मोर्च्यांची गाणी बाजूला ठेवून स्वतःच्या मनातल्या गोष्टी गायल्या. लगेच ‘सिंग आउट’ या लोकगीतांच्या नियतकालिकात संपादक आयर्विन सिल्बर यांनी त्याला जाहीर पत्र लिहिले : तू आत आत वळतो आहेस, लोकांपासून दूर जातो आहेस, असा त्याचा आशय. वाद्ये तीच होती, तरी ही तक्रार! म्हणजे दुखणे गिटारीचे नव्हते. गिटार हे पुढे सापडलेले निमित्त.

आणि मग २२ मार्च १९६५ रोजी ‘ब्रिंगिंग इट ऑल बॅक होम’ ही ध्वनिमुद्रिका बाजारात आली. माझ्या मते सगळ्या प्रकरणातली सर्वांत गमतीची वस्तू हीच. जुन्या तबकडीला दोन बाजू असत, हे आजच्या वाचकांना सांगावे लागते. या तबकडीच्या पहिल्या बाजूवर सात गाणी, वाद्यवृंदासह, विजेच्या गिटारींच्या गजरात. दुसऱ्या बाजूवर चार दीर्घ गाणी, बहुतांशी डिलन आणि त्याची साधी गिटार. घरात एकच तबकडी, आणि तिच्यात दोन डिलन. ज्याला नवा डिलन सोसत नसेल त्याने दुसरी बाजूच तेवढी लावावी, आपले देव्हाऱ्यातले दैवत सुखरूप आहे असे मानावे आणि झोपी जावे. सरांकडची ती तबकडी मी हातात घेऊन पाहिली आहे. तिची दुसरी बाजू अधिक झिजलेली आहे! सरांना विचारले तर ते नुसते हसले.

घरात ही सोय होती. मैफलीत ती नव्हती. २५ जुलै १९६५ च्या रात्री न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात डिलन विजेची गिटार घेऊन उभा राहिला. साथीला पॉल बटरफील्डच्या ब्लूज वाद्यवृंदातील काही वादक. तीन गाणी झाली, आणि श्रोत्यांतून हुर्यो सुरू झाली. ही हुर्यो नेमकी कशासाठी, यावर आजतागायत एकमत नाही. कोणी म्हणतात, वाद्यांमुळे. कोणी म्हणतात, ध्वनियोजना इतकी भिकार होती की शब्द कळेनात. कोणी म्हणतात, एवढ्या मोठ्या गायकाने तीनच गाणी म्हटली म्हणून. सीगर त्या रात्री संतापले होते, कुऱ्हाड असती तर ध्वनिक्षेपकाची तारच तोडली असती असे बोलले, हे प्रसिद्धच आहे. परंतु त्यांनी पुढे वारंवार खुलासा केला की, आपला राग विजेवर नव्हता, गाण्याचे शब्द ऐकू येत नव्हते यावर होता. मला हा खुलासा पटतो. ज्याला शब्दांची पर्वा आहे त्यालाच ते बुडाल्याचा राग येईल. इतरांना काय, ढोल वाजला की पुरे.

त्यानंतर आग्रह झाला म्हणून डिलन साधी गिटार घेऊन परत आला. विशिष्ट पट्टीचा माऊथ ऑर्गन कोणाकडे आहे का, असे त्याने श्रोत्यांनाच विचारले, आणि खालून रंगमंचावर माऊथ ऑर्गनांचा सडा पडला. घटकेपूर्वी हुर्यो उडवणारे हे हात असे भरभरून देणारे होते. शत्रूला कोणी आपला माऊथ ऑर्गन देत नाही.

या गोंधळात एक विसंगती मात्र आहे, आणि ती सांगितल्यावाचून राहवत नाही. विजेची गिटार ही काही त्या रात्री न्यूपोर्टला आकाशातून पडली नव्हती. शिकागोतले कृष्णवर्णीय ब्लूज गायक ती १९४० च्या दशकापासून वाजवीत होते, आणि ते ‘लोक’ नव्हते असे कोण म्हणेल? त्यांच्यातले मडी वॉटर्स १९५८ साली इंग्लंडला गेले तेव्हा तिथल्या रसिकांना त्यांची गिटार फार कर्कश वाटली. म्हणून पुढच्या खेपेला, १९६३ साली, ते बिचारे साधी गिटार घेऊन गेले, तर तोवर रसिकांची आवड बदलली होती. त्यांना विजेचीच हवी होती! खुद्द डिलनचीही गोष्ट अशीच. हिबिंगच्या शाळेत असताना तो लिटल रिचर्डचा भक्त होता, पियानो बडवीत रॉक अँड रोल गात असे. त्या तबकडीचे नावच ‘सारे घरी परत आणणे’ अशा अर्थाचे आहे. ज्याला लोक घर सोडून जाणे म्हणत होते, ते त्याच्या लेखी घरी येणे होते.

हुर्यो उडवणारेच सगळे होते असा मात्र समज होऊ नये. डिलनचे ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ हे सहा मिनिटांहून लांबीचे गाणे न्यूपोर्टच्या पाचच दिवस आधी प्रसिद्ध झाले होते. तीन मिनिटांच्या गाण्यांच्या त्या काळात ते अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. त्यातला ऑर्गन अल कूपर नावाच्या तरुणाने वाजवला; तो मुळात गिटारवादक, आणि ध्वनिमुद्रण पाहायला म्हणून आलेला. ३० ऑगस्टला ‘हायवे ६१ रिव्हिजिटेड’ ही पुढची ध्वनिमुद्रिका आली. तिच्यात शेवटचे एक गाणे सोडले तर सारा विजेचाच कारभार. हजारो नव्या श्रोत्यांना, विशेषतः ज्यांनी आधी लोकगीतांच्या वाटेला पाऊलही टाकले नव्हते अशांना, या दोन ध्वनिमुद्रिकांनी गाण्यात काय काय सांगता येते ते प्रथमच दाखवले. ‘सिंग आउट’मध्येही दुफळी झाली. पॉल नेल्सन या समीक्षकाने त्याच नियतकालिकात लिहून उघडपणे डिलनचा पक्ष घेतला.

त्यापुढचे वर्ष मला सर्वांत विलक्षण वाटते. डिलनच्या मैफलीचे आता दोन भाग असत. पूर्वार्धात तो एकटा, साध्या गिटारीसह, उत्तरार्धात वाद्यवृंद. जणू तबकडीच्याच दोन बाजू, फक्त क्रम उलटा. पूर्वार्ध लोक निःशब्द होऊन ऐकत आणि उत्तरार्धात बोंब ठोकत. उत्तरार्धात काय येणार हे वर्तमानपत्रांतून साऱ्यांना ठाऊक असे. तरीही ते पैसे मोजून तिकिटे काढीत, वेळेवर येऊन बसत, आणि ठरल्यासारखे ओरडत. वाद्यवृंदातला ढोलवादक लेव्हॉन हेल्म रोजच्या हुर्योला कंटाळून १९६५ च्या नोव्हेंबरात सोडून गेला. डिलन गातच राहिला.

ज्याला नको आहे तो घरी का बसत नाही? या प्रश्नावर मी बराच विचार केला, आणि स्वतःकडे पाहिले तेव्हा उत्तर सापडले. परक्याच्या गाण्याला कोणी हुर्यो करीत नाही. कंटाळून उठून जातो. ओरडतो तो हक्काचा माणूस. या गायकाच्या गाण्यावर त्याने आपली काही वर्षे उभारलेली असतात : मोर्चे, मैत्री, रात्रीच्या चर्चा. गाणाऱ्याने वाद्य बदलले की, ती वर्षे खोटी होती काय, अशी भीती त्याच्या पोटात उभी राहते. गाणाऱ्याला त्या वर्षांतून पुढे जायचे असते; ऐकणाऱ्याला ती वर्षे तशीच्या तशी जपून ठेवायची असतात. मँचेस्टरचा तो ओरडणारा मला म्हणूनच मूर्ख वाटत नाही. पण ज्या माणसाने न विकता उलट रोज रात्री हुर्यो पत्करली, त्याला तीस नाण्यांचा धनी म्हणणे हा हिशेब काही जुळत नाही.

आपल्याकडे हे घडत नाही असे नाही. कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांची पदे आपल्या पद्धतीने गायली तेव्हा बालगंधर्वांच्या भक्तांत असेच दोन तट पडले. कुमारांनी त्या कार्यक्रमाला नाव मात्र मार्मिक दिले होते : ‘मला उमजलेले बालगंधर्व’. ‘उमजलेले’ या शब्दात अर्धे उत्तर होते. पण उत्तर ऐकायच्या मनःस्थितीत भक्त असतो कुठे? माझ्या आजोबांपुढे हा विषय काढला तर ते अजूनही पानाचा डबा जवळ ओढतात आणि खिडकीबाहेर बघू लागतात.

मँचेस्टरचे ते ध्वनिमुद्रण वर्षानुवर्षे चोरून विकले जाई, आणि तेही लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलच्या चुकीच्या नावाखाली. ते रीतसर प्रसिद्ध झाले १९९८ साली. ओरडणाऱ्याला डिलनने काय केले तर, मी तुझ्यावर विश्वास ठेवत नाही, तू खोटारडा आहेस, असे सुनावले, आणि मागे वळून वादकांना जोरात, अगदी जोरात वाजवा म्हणून फर्मावले. ते अखेरचे गाणे म्हणजे ‘लाइक अ रोलिंग स्टोन’. ते मी सरांच्या घरी ऐकले. शब्द सगळे कळत नाहीत, पण ते इतक्या त्वेषाने गायले आहे की ओरडणाऱ्याचेही आभार मानावेत असे वाटते.

गेल्या महिन्यात मी धीर करून आमच्या शाहिराच्या खोलीवर गेलो. त्याने दार उघडले, चटई टाकली, बस म्हणाला. स्नेहसंमेलनातले ते गाणे मला पुन्हा ऐकायचे आहे, असे मी सांगितले. त्याच्या धाकट्या भावाने त्या रात्री ते मोबाइलवर टिपून घेतले होते. आम्ही दोघे खाली मान घालून ऐकत बसलो. पहिले कडवे स्पष्ट आहे. पाऊस न पडलेल्या वर्षी त्याच्या आईने विकलेल्या दोन शेळ्यांचे ते गाणे आहे. दुसऱ्या कडव्याच्या सुरुवातीला माझा आवाज येतो, आणि त्यापुढे काही ऐकू येत नाही.

‘पुढचं म्हणून दाखव,’ मी म्हणालो.

‘डफावर?’ त्याने विचारले.

‘तुला हवं त्यावर.’

त्याने कीबोर्डची पिन भिंतीत खोचली. वीज गेलेली होती. मग त्याने नुसतेच म्हटले, मांडीवर ठेका धरून.