उघड्यावरचा हिवाळा : धाराशिवच्या बालाघाटातील अर्धशतकाचा मागोवा

हरिश्चंद्रगडाजवळ सह्याद्रीपासून फुटून आग्नेयेकडे गेलेली बालाघाटाची रांग गोदावरी आणि भीमा यांची खोरी विभागते, आणि धाराशिव जिल्ह्याचा बराचसा भाग याच रांगेच्या पठारावर वसलेला आहे. येथे बर्फ पडत नाही. परंतु हवा कोरडी, आकाश निरभ्र आणि झाडी विरळ असल्याने दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता झपाट्याने गमावते आणि उत्तरेकडून गार वारे उतरले की किमान तापमान एक आकडी होते. मैदानी भागात किमान तापमान 10 अंशांवर किंवा त्याखाली येऊन सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी भरले, म्हणजे हवामान खाते त्यास थंडीची लाट म्हणते. अशा शांत रात्री गार, जड हवा उतारावरून ओढ्याच्या खोलगटात साचते आणि तळ माथ्यापेक्षा अधिक गारठतो. या उलट्या स्थितीला तापमान-व्युत्क्रम म्हणतात. थंडीचा इतिहास लिहिताना मात्र पारा किती उतरला याच्या आधी त्या रात्री उघड्यावर कोण होते, हे विचारणे भाग आहे.

1972च्या दुष्काळात खरीप गेला, रब्बीही हाती लागली नाही आणि त्या हिवाळ्यात मराठवाड्यातील असंख्य कुटुंबे खडी फोडण्याच्या व पाझर तलावांच्या कामांवर गेली. शरीराला आतून ऊब देते ते अन्न. दुष्काळी कामांवर मिळणाऱ्या सुकडीवर, म्हणजे कोरड्या पूरक आहारावर, दिवस काढणाऱ्या माणसाला तोच गारठा अधिक बाधतो. या कामांच्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला आणि 26 जानेवारी 1979पासून लागू झाला. तरीही कळंब, वाशी, भूम भागांतील कोरडवाहू कुटुंबांना ऊसतोडीची वाट सुटली नाही. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली नवराबायकोची जोडी ‘कोयता’ या नावाने मोजली जाते. दिवाळीच्या सुमारास निघालेली टोळी कारखान्याच्या आवारात किंवा फडालगत पाचटाच्या, ताडपत्रीच्या कोपीत सारा हिवाळा काढते. पहाटे फडात शिरताच दवाने ओल्या पाल्यामुळे अंगावरचे कपडे भिजतात, आणि येथेच खरा धोका असतो, कारण शरीराचे तापमान 35 अंशांखाली जाण्याची अवस्था, म्हणजे अल्पतापावस्था, केवळ हिमप्रदेशातच संभवते असे नाही. ओले कपडे, वारा आणि अपुरा आहार एकत्र आल्यास शून्याच्या बऱ्याच वर असलेल्या तापमानातही ती येऊ शकते. कोपीतील तान्ह्या मुलांचा विचार या संदर्भात सर्वप्रथम व्हावयास हवा होता; तो फार उशिरा आणि अपुरा झाला.

30 सप्टेंबर 1993च्या पहाटेच्या भूकंपाने या इतिहासाला वेगळेच वळण दिले. तत्कालीन उमरगा तालुक्यातील सास्तूर आणि परिसरातील गावांत दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर मातीचा थर असलेली माळवदाची घरे कोसळून माणसे गाडली गेली. हेच माळवद उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार राहत असे, कारण जाड माती दिवसाची उष्णता साठवून रात्री सावकाश सोडते. त्या वर्षीचा हिवाळा लोकांनी तात्पुरत्या पत्र्याच्या निवाऱ्यांत आणि धक्क्यांच्या भीतीने अंगणात काढला. पत्रा सूर्यास्तानंतर लगेच गार पडतो, त्यामुळे आत आणि बाहेर यांत फारसा फरक उरत नव्हता. पुनर्वसित गावांत घरे सुरक्षित झाली, तथापि माळवदाची ऊब त्यांत उतरली नाही.

घराबाहेर थंडी झेलण्याची सवय मात्र येथे जुनीच, कारण या पठारावरील पायवाटा मुळात मेंढपाळांच्या आणि भाविकांच्या. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी तंतूंच्या वळ्यांत हवा धरून ठेवते आणि ओलसर झाली तरी बरीचशी ऊब देते, म्हणूनच डोक्यावरून घेतलेली तिची खोळ पाल नसतानाही मेंढपाळाला पुरत आली. तुळजापुरात पौष महिन्यात तुळजाभवानी देवीची मंचकी निद्रा, म्हणजे मंचकावरील विश्रांती, संपून शाकंभरी नवरात्र सुरू होते, तेव्हा दर्शनाला येणारा भाविक भर थंडीत घाटातील वाट चालतो.

केवळ आनंदासाठी डोंगर चालण्याची प्रथा येथे अलीकडची. सह्याद्रीतील गिर्यारोहणाला पुण्या-मुंबईच्या संस्थांनी आकार दिला आणि 1998 साली सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचल्यावर मराठी तरुणांची नजर हिमालयाकडे वळली. बालाघाट दुर्लक्षितच राहिला. येडशीजवळच्या रामलिंग घाटाला 1997 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला, तरी बहुतेक पर्यटक पावसाळ्यात धबधबा पाहण्यासाठी येतात. वास्तविक या शुष्क पानझडी वनात पाने गळल्यावर दरीचे कातळ, वाटेची वळणे आणि झाडांवरील पक्षी स्पष्ट दिसतात, त्यामुळे वाटा वाचण्यास हिवाळाच अधिक योग्य आहे. रामलिंगाचे मंदिर दरीच्या तळाशी असल्याने पहाटे तेथे माथ्यापेक्षा अधिक गारठा असतो. म्हणून उतरताना घातलेली उबदार वस्त्रे चढताना घाम येण्यापूर्वीच काढावीत आणि माथ्यावरच्या वाऱ्यात पुन्हा चढवावीत.