शोधकांची जत्रा

मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढे या माझ्या गावाहून मलकापूर स्टेशन गाठायचे, तिथून मुंबई आणि मग विमान. 2018 च्या मे महिन्यात मी, माझी बेगम आणि मुलगी असे कॅलिफोर्नियाला पुतण्याकडे गेलो. हा थोरल्या भावाचा मुलगा, पण वाढला आमच्याच घरात. बघण्यासारखे काय आहे असे विचारले तर म्हणाला, ‘‘चाचा, तुम्हाला जत्रेला नेतो.’’

सॅन मटेओ या शहरी भरणारी ही जत्रा म्हणजे ‘मेकर फेअर’. ‘मेक’ नावाच्या मासिकाने ती 2006 साली सुरू केली. आत शिरतो तो समोरून 17 फूट उंचीचा, विजेवर चालणारा जिराफ येत होता. मागून छोट्या केकच्या आकाराच्या गाड्या, त्यांत माणसे बसलेली! बेगमनी पदर सावरत विचारले, ‘‘ये सर्कस है क्या?’’

सर्कस नव्हती. नोकरीधंदा सांभाळून घरी वस्तू बनवणारी माणसे इथे त्या घेऊन येतात. जिनिव्हालाही 1972 पासून शोधांचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरते, पण तिथे परीक्षक असतात, पदके असतात, शोधाला गिऱ्हाईक मिळवायचे असते. इथे बनवणाऱ्याने टेबलामागे उभे राहायचे आणि येईल त्याला, अगदी पोरासोरांनाही, हे कसे केले ते सांगायचे.

एका तंबूत मुलांना डाख द्यायला शिकवत होते. माझी मुलगी तापलेली सळई धरून बसली. ‘‘अगं, भाजेल!’’ म्हणत मी पुढे झालो, तर पुतण्याने माझा हात धरला. ‘‘थोडं भाजू द्या, चाचा.’’ थोड्या वेळात तिच्या ओढणीवर लुकलुकत्या दिव्याचा बिल्ला लागला.

मला एकदम आमचा रेडिओ आठवला. हा पुतण्या दहा वर्षांचा असताना त्याने तो पार उघडून चटईवर मांडला होता. त्या संध्याकाळी रेडिओवर माझी पहिली कविता लागणार होती. मी त्याला मारले. त्यालाही ते आठवले असावे. आम्ही दोघेही काही बोललो नाही.

आपल्याकडे शोधक नाहीत असे थोडेच आहे? 1867 मध्ये मुंबईत जन्मलेल्या शंकर आबाजी भिसे यांनी छपाईचे खिळे झपाट्याने पाडणारे यंत्र बनवले. त्यासाठी ते लंडनला गेले, मग अमेरिकेला, आणि 1935 साली न्यूयॉर्कलाच वारले. आमच्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीचे गोपाळ मल्हारी भिसे यांनी जुन्या सायकलचे पुढचे चाक आणि हँडल घेऊन त्याला कोळप्याची पास जोडली. बैल नसलेल्या शेतकऱ्याची निंदणी-कोळपणी त्यावर होऊ लागली. आडनावाचा योगायोग पाहा!

आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रीने मात्र आपले अवजार एका मेळाव्यात मांडले, आणि पुढच्या हंगामात तेच दुसऱ्याच्या नावाने विकायला आले. त्याला कुणी सांगितलेच नव्हते, की पेटंट हवे असेल तर आधी अर्ज करायचा आणि मग वस्तू चारचौघांत दाखवायची. एकदा उघड झालेली गोष्ट कायद्याने नवी राहत नाही. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती सवलत आहे. तिथे ते सुरू झाल्यापासून 12 महिन्यांच्या आत अर्ज चालतो. वस्तू पुरती तयार नसेल तर तात्पुरत्या तपशिलावर अर्ज करून पूर्ण तपशील 12 महिन्यांत देता येतो. पेटंट मिळाले तर अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे हक्क राहतो. महाराष्ट्राचे कार्यालय मुंबईला आहे. मिस्त्रीला हे सारे मी फार उशिरा सांगितले. तो नुसता हसला.

ती जत्रा भरवणारी कंपनी 2019 साली बंद पडली. जत्रा पुढे 2023 मध्ये व्हॅलेहो या गावी पुन्हा भरली.

गावी परतल्यावर मुलीने तोच जुना रेडिओ उघडायला मागितला. मी दिला. दोन दिवस चटईवर पसारा होता, जेवायचे ताटही ओसरीत न्यावे लागले. तिने तो परत जुळवला तेव्हा एक स्क्रू उरला. रेडिओ वाजतो. स्क्रू बेगमनी शिलाईच्या डब्यात ठेवला आहे.